परंपरेचे प्रयोजन

जबलपूरहून उत्तरेस कटनीकडे जाणाऱ्या वाटेवर सिहोरा हे तहसिलीचे गाव लागते. भारतीय लोकसमूहांच्या सांस्कृतिक वैविध्याचा गौरव करणाऱ्या ग्रंथांतून त्याचे नाव सहसा येत नाही. येते ते रूपनाथचे, बहोरीबंदचे, क्वचित तिगव्याचे. आणि जुन्या सिहोरा तहसिलीतील ही स्थळे १९९८ साली वेगळ्या झालेल्या कटनी जिल्ह्यात आता मोडतात. रूपनाथला अशोकाचा लघुशिलालेख आहे. बहोरीबंदला शांतिनाथाची भव्य मूर्ती असून तिच्यावर कलचुरी राजा गयाकर्ण याच्या काळातील लेख आहे. तिगव्याला कंकाली देवीचे म्हणून ओळखले जाणारे गुप्तकालीन मंदिर आहे. बौद्ध, जैन आणि देवीपूजक अशा तीन धारा थोड्याशा कोसांच्या अंतरात नांदताना दिसल्या, की वैविध्याच्या गौरवाला लागणारी सर्व सामग्री सिद्ध झाली असे वाटू लागते. वस्तुतः विचाराला आरंभ व्हावयास हवा तो या ठिकाणी.

मराठी अभ्यासकाला हा प्रदेश परका मानण्याचे कारण नाही. १८६१ पासून १९५६ पर्यंत सिहोरा आणि नागपूर ही एकाच प्रांतात होती. भंडारा जिल्ह्याच्या तुमसर तालुक्यातही सिहोरा नावाचे एक गाव आहे. जवळजवळ शंभर वर्षे एकाच राजधानीकडे पाहणारी ही दोन सिहोरे १ नोव्हेंबर १९५६ रोजी भाषेच्या रेषेने विलग झाली. एक मुंबई राज्यात गेले, दुसरे नव्या मध्य प्रदेशात राहिले. या जुन्या प्रांताने दोन मोठे लेखवाचक दिले. एक कटनीचे रायबहादूर हिरालाल, ज्यांनी मध्य प्रांत व वऱ्हाडातील कोरीव लेखांची सूची केली आणि रसेल यांच्यासह तेथील जातिजमातींचा चार खंडांचा ग्रंथ १९१६ साली सिद्ध केला. दुसरे नागपूरचे महामहोपाध्याय वा. वि. मिराशी, ज्यांचे कलचुरी-चेदी संवताच्या लेखांचे संपादन १९५५ साली प्रसिद्ध झाले. या दोघांच्या परिश्रमांमुळे या भूमीतील दगड बोलका झाला. परंतु कोरलेला लेख वाचणे आणि चालती परंपरा वाचणे ही दोन भिन्न कामे होत, आणि पहिल्या कामातील सवयी दुसऱ्यात शिरल्या म्हणजे काय घडते याचा पुरेसा विचार मराठी समीक्षेने केलेला नाही.

रूपनाथचेच उदाहरण घ्यावे. भारतीय सहिष्णुतेविषयी लिहिताना अशोकाचा दाखला देण्याची प्रथा आहे व ती योग्यही आहे. मात्र परपंथाचा आदर करण्याची शिकवण ज्यात आहे तो बारावा शिलाशासन-लेख गिरनार, कालसी, शाहबाजगढी आदी ठिकाणचा होय, रूपनाथचा नव्हे. रूपनाथच्या लेखात राजा आपल्या उपासकत्वाचा काळ सांगतो, आरंभी आपला उद्योग शिथिल होता अशी कबुली देतो, आणि उत्साह धरला तर लहान माणसालाही थोर फळ मिळते असे बजावतो. ही शिकवण बहुविधतेची नाही, प्रयत्नाची आहे. तरीही रूपनाथचे नाव घेऊन वैविध्याचे स्तोत्र गाइले जाते, याचे कारण लेख कोणी वाचलेला नसतो; तो प्रतीक म्हणून तयार मिळालेला असतो.

याहून अर्थपूर्ण गोष्ट त्या शिळेच्या शेजारी घडत आली आहे. रूपनाथ हे शिवलिंगाचे नाव आहे. तेथील कुंडांना राम, लक्ष्मण आणि सीता यांची नावे लोकांनी दिली आहेत आणि जत्रेला माणसे येत राहिली आहेत. ब्यूलर यांनी या लेखाचे वाचन १८७७ साली प्रसिद्ध केले. त्यापूर्वी शतकानुशतके कुंडाचे पाणी घेणाऱ्याला शेजारच्या दगडावर कोणाचे शब्द आहेत हे ठाऊक नव्हते, आणि ठाऊक नसल्यामुळे त्याच्या यात्रेत काही उणे पडले नाही. दगड टिकला, पण मूक राहिला. यात्रा चालू राहिली, पण तिच्यातील देव, नावे आणि कथा बदलत गेल्या असल्या पाहिजेत. टिकणे आणि जगणे यांतील भेद इतक्या थोड्या जागेत इतका स्वच्छ दिसावा असे स्थळ विरळा.

सिहोऱ्याच्या भूमीला दुसरीही एक ओळख आहे, ती लोखंडाची. गावाजवळच्या एका खेड्याचे नावच अगरिया असे आहे. या तहसिलीत विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत मातीच्या लहान भट्ट्यांतून देशी रीतीने लोखंड गाळले जात असे. लोखंड गाळणाऱ्या अगरिया जमातीवर व्हेरियर एल्विन यांनी लिहिलेला ग्रंथ १९४२ साली प्रसिद्ध झाला. त्याची माहिती मुख्यतः पूर्वेकडील मैकल डोंगररांगांच्या परिसरातली आहे. परंतु त्यात मांडलेला एक विचार या साऱ्या लोहप्रदेशाला लागू पडावा असा आहे. भट्टीत लोहासुर वसतो, कोळशात कोयलासुर, आगीत अग्यासुर. लोगुंडी राजाचे राज्य, सूर्याशी जडलेले वैर, त्या वैरातून ओढवलेला विनाश अशी एक विस्तीर्ण पुराणकथा या जमातीने रचली. ही कथा फावल्या वेळी सांगावयाची करमणूक नव्हती. भट्टी पेटविण्याचा विधी, पायांनी दाबावयाचे भाते, कोणी भट्टीजवळ यावे व कोणी येऊ नये याचे नियम, नव्याने गाळलेल्या कोऱ्या लोखंडात भुताखेतांना हटविण्याचे सामर्थ्य असते ही श्रद्धा, हे सर्व त्या कथेचे अवयव होते. कथेमुळे कामाला पावित्र्य होते आणि कामामुळे कथेला सत्यता होती.

पुढे कारखान्यांचे स्वस्त लोखंड बाजारात आले, कोळशासाठी लागणाऱ्या जंगलावर निर्बंध आले आणि भट्टीवर कर बसला. भट्ट्या विझत गेल्या. सिहोऱ्याच्या आसपास लोहखनिज आजही निघते, पण ते मालमोटारींतून दूरच्या कारखान्यांकडे जाते. त्याच्या वाटेवर लोहासुराला जागा नाही. अगरियांची कथा आता ग्रंथात आहे. ती नष्ट झाली असे म्हणता येत नाही, आणि जिवंत आहे असे म्हणणे ही आत्मवंचना ठरेल. ज्या दिवशी कथेवाचून काम अडेनासे झाले, किंबहुना कामच उरले नाही, त्या दिवशी ती वाङ्मय झाली. वाङ्मय होणे ही नेहमीच उन्नती नसते.

मराठी वाचकाला हे नवे वाटू नये. जात्यावरच्या ओवीचे असेच झाले. दळणाची गिरणी गावात आली आणि पहाटेच्या अंधारात दोघीजणींनी समोरासमोर बसण्याचे कारण संपले. साने गुरुजींनी ‘स्त्री जीवन’मध्ये ओव्या एकत्र केल्या, सरोजिनी बाबर यांच्या लोकसाहित्य समितीने खंडामागून खंड काढले, आणि पुढे हेमा राईरकर व गी पॉइतवाँ यांच्या प्रकल्पाने लाखाहून अधिक ओव्यांचा संग्रह केला. यांतील शेवटच्या प्रयत्नात ओवी सांगणाऱ्या स्त्रीचे गाव आणि नाव ओवीबरोबर नोंदविण्याची दक्षता आहे, हा त्याचा विशेष गुण होय. तथापि या सर्व कार्यावर लिहिताना मराठी समीक्षेने जी शब्दकळा वापरली ती तपासण्यासारखी आहे. ‘ठेवा’, ‘धन’, ‘खजिना’, ‘लेणे’ ही तिची आवडती रूपके. सर्वच्या सर्व साठवणीची! ज्या गोष्टीचा जीव वापरात होता तिच्याबद्दल तिजोरीच्या भाषेत बोलल्याने गौरव झाला खरा, पण ओवी कोणत्या श्रमाची सोबतीण होती आणि तो श्रम सुटल्यावर बायकांच्या मनातील तेच बोलणे कोठे गेले, हा प्रश्न त्या तिजोरीबाहेर राहिला. जात्याचा श्रम सुटला याचा त्या स्त्रियांना आनंदच झाला असणार, हेही संग्राहकांच्या हळव्या प्रस्तावनांतून क्वचितच वाचावयास मिळते. ‘लोकसाहित्याची रूपरेखा’ (१९५६) लिहिणाऱ्या दुर्गा भागवत या बाबतीत अधिक सावध होत्या. लोकसाहित्य हे विधी, समजुती आणि व्यवहार यांच्यासह पाहावयाचे असते, सुटे करून नव्हे, ही दृष्टी त्यांच्या विवेचनात आहे. त्यांच्यानंतर ग्रंथांची संख्या जितकी वाढली तितकी ती दृष्टी वाढली नाही.

प्रयोजन संपले म्हणजे रूप निष्प्राण होते, एवढाच नियम असता तर गोष्ट सोपी होती. महाकोशल आणि बुंदेलखंड या भागांतील कजलियांचा सण तो नियम थोडा अवघड करतो. श्रावणात पानांच्या द्रोणांत माती घालून गहू किंवा जव पेरावयाचे, अंधारात वाढलेले त्यांचे फिकट पिवळे अंकुर राखीपौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी नदीवर किंवा तळ्यावर न्यावयाचे, द्रोण पाण्यात सोडून अंकुर घरी आणावयाचे आणि एकमेकांना द्यावयाचे. थोरांनी ते धाकट्यांच्या कानावर खोचून आशीर्वाद द्यावयाचा. महाराष्ट्राच्या पूर्व टोकाला, भंडारा-गोंदियाकडे, हाच सण भुजली या नावाने होतो. बी परखण्याची कृषिक्रिया हे त्याचे मूळ असावे असा तर्क केला जातो. महोब्याच्या आल्हा-ऊदलच्या कथेने त्याला युद्धाची आठवण जोडली आहे. परंतु आज तो जगतो तो या दोहोंपैकी कशाहीमुळे नव्हे. वर्षभरात ज्या घरी मृत्यू झाला असेल त्या घरी त्या दिवशी कजलिया घेऊन जाण्याची चाल आहे. शोक आवरता घ्या, असे तोंडाने सांगणे कोणाला जमत नाही. चार अंकुर हातावर ठेवले की ते सांगून होते. बियाण्याची परीक्षा आता बियाणे विकणारे करतात, आल्हा गाणारे थोडे उरले, पण शेजाऱ्याच्या दारी जाण्याची गरज उरलीच. सणाने जुने प्रयोजन गमावले आणि दुसरे धरले. रूप तेच ठेवले. या सणाचे नृत्यनाट्य बसवून रंगमंचावर सादर करणाराला अंकुर दाखविता येतील, ते घर दाखविता येणार नाही.

रूपच बदलून प्रयोजन नव्याने शोधणारी परंपरा पाहावयाची असेल तर सिहोऱ्यापासून नर्मदेच्या उगमाकडे, पूर्वीच्या मंडला जिल्ह्यातील पाटणगढपर्यंत जावे लागते. हे गाव आज दिंडोरी जिल्ह्यात आहे. येथील परधान हे गोंडांचे भाट. दर तीन वर्षांनी परधानाने आपल्या गोंड यजमानाच्या घरी जावे, बाना हे तंतुवाद्य वाजवून बडादेवाला जागवावे, कुळाच्या आणि राजांच्या कथा गाव्या आणि दान घ्यावे, असा हा संबंध होता. या परधानांवरचा पहिला मोठा ग्रंथ एका मराठी माणसाने लिहिला. शामराव हिवाळे एल्विन यांच्याबरोबर १९३२ साली मंडल्यात आले, पाटणगढला राहिले आणि एल्विन ईशान्येकडे निघून गेल्यावरही त्याच मुलखात आयुष्य घालविते झाले. त्यांचा परधानांवरील ग्रंथ १९४६ सालचा. तो इंग्रजीत आहे. मराठी समीक्षेने त्याची दखल घेतली नाही, आणि तिला दोष देताना हेही सांगितले पाहिजे की हिवाळे यांनीही आपल्या मातृभाषेला हाक मारली नाही. एल्विन यांच्या सावलीत त्यांचे नाव झाकले गेले, असे म्हणण्याची रीत आहे. मराठीने तेथे दिवा नेला असता तर सावली इतकी गडद राहिली नसती.

त्याच सुमारास एक मोठा वाद चालू होता. एल्विन आदिवासींना बाहेरच्या आक्रमणापासून जपू पाहत होते, मालवणचे गो. स. घुर्ये यांनी १९४३ साली ग्रंथ लिहून ते हिंदू समाजाचेच मागे राहिलेले घटक आहेत असे प्रतिपादन केले. जपणूक की विलीनीकरण, असे दोनच पर्याय वादात मांडले गेले. ज्याच्याविषयी वाद चालला होता तो समाज स्वतः काही ठरवील, हा तिसरा पर्याय दोन्ही पक्षांना फारसा सुचला नाही. परधानांनी तो पुढे अमलात आणला.

गोंड यजमानांची ऐपत घटली, दान आटले आणि बाना वाजविणारे मजुरीला जाऊ लागले. भोपाळच्या भारत भवनाची उभारणी चालू असताना जगदीश स्वामिनाथन यांच्या सहकाऱ्यांना पाटणगढच्या भिंतींवर जनगढसिंह श्याम या तरुण परधानाची चित्रे दिसली. १९८२ साली भारत भवन उघडले तेव्हा तो तेथे चित्रकार म्हणून उभा होता. जे देव गाण्यातच होते, ज्यांना आकृती नव्हती, त्यांना त्याने कागदावर आकृती दिली. १९८९ साली त्याची चित्रे पॅरिसच्या प्रदर्शनात गेली. २००१ साली जपानमधील एका संग्रहालयाच्या निमंत्रणावरून चित्रे काढीत असताना तेथेच त्याने जीवनाचा अंत करून घेतला. या शैलीला ‘जनगढ कलम’ हे नाव देणारे हिंदी लेखक उदयन वाजपेयी यांनी बान्याचे संगीतच चित्रांतील ठिपक्यांत उतरले आहे, अशी कल्पना मांडली आहे. ती रम्य आहे, परंतु तिच्यावर विसंबून समीक्षा करता येणार नाही. संगीताला श्रोता लागतो, आणि परधानाच्या गाण्याचा श्रोता त्याचा यजमान होता. चित्राचा ग्राहक अनोळखी आहे, तो कुळाची कथा ओळखत नाही, भिंतीचा रंग ओळखतो. म्हणूनच या शैलीतील पुष्कळसे काम आज मोर, हरीण आणि शिंगांतून उगवणारे झाड यांच्या पुनरावृत्तीत अडकलेले दिसते. ‘आदिवासी कला’ म्हणून तिचे कौतुक करणारे ही पुनरावृत्ती पाहत नाहीत. कारण नमुन्याकडून कोणी नावीन्याची अपेक्षा करीत नाही. कौतुकाने केलेला हा अवमान आहे.

या पार्श्वभूमीवर दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम या परधान दांपत्याने चितारलेल्या ‘भीमायन’ (२०११) या ग्रंथाचे महत्त्व कळते. श्रीविद्या नटराजन आणि एस. आनंद यांनी इंग्रजीत लिहिलेल्या या चित्रकथेचा विषय डॉ. बाबासाहेब आंबेडकर हा आहे, आणि तिचा आधार बाबासाहेबांनी सांगितलेले अपमानाचे अनुभव हा आहे: १९०१ साली साताऱ्याहून वडिलांना भेटावयास निघालेल्या मुलांना वाटेत न मिळालेले पाणी, बडोद्यात न मिळालेला निवारा, १९२९ साली चाळीसगावात टांगेवाल्याने बसविण्याचे नाकारल्यामुळे झालेला अपघात. विषय सर्वस्वी महाराष्ट्राचा आहे. हात नर्मदेच्या उगमाकडचे आहेत.

चित्रकथेची रूढ चौकट व्याम यांनी नाकारली. माणसे चौकोनांत कोंडणे त्यांना मान्य नव्हते. पान विभागले जाते ते घराच्या भिंतीवर व जमिनीवर काढावयाच्या ‘दिगना’ या नक्षीच्या पट्ट्यांनी. रेल्वेगाडी सापाच्या रूपाने येते. निर्मळ मनाच्या माणसाचे बोलणे पक्ष्याच्या आकारात लिहिलेले आहे, अस्पृश्यता पाळणाराचे बोलणे विंचवाच्या नांगीसारखे शेपूट असलेल्या आकारात. महाडच्या सत्याग्रहाच्या प्रसंगी ध्वनिक्षेपकांतून शब्दांऐवजी पाण्याचे फवारे उडतात. चवदार तळ्याचे पाणी १९२७ साली ज्यांनी ओंजळीत घेतले त्यांच्या वंशजांनी या चित्रासमोर थांबावे, इतके ते प्रसंगाच्या गाभ्याला भिडलेले आहे. येथे नक्षी शोभेसाठी आलेली नाही. सापाला, विंचवाला, पक्ष्याला परधानाच्या जगात जो अर्थ आहे तो अर्थ येथे कामाला लावला आहे. अगरियाच्या भट्टीत कथा जशी काम करीत होती तशी येथे आकृती काम करते. आणि यजमानही पालटला आहे. भाटाने राजकुळाचा महिमा गावा हा जुना धर्म होता. या भाटांनी कोणत्याही राजकुळात न जन्मलेल्या पुरुषाची कथा सांगितली आहे, आणि कुळाचा अहंकारच त्या कथेत आरोपी म्हणून उभा आहे.

ग्रंथात उणीव आहे ती शब्दांची. सनावळ्या, वृत्तपत्रांतील कात्रणे आणि आजच्या तरुणांमधील समजावणीचे संवाद यांची मांडणी पाठ्यपुस्तकी आहे. चित्र जे एका दृष्टीत सांगून मोकळे होते ते शब्द पुन्हा खाली लिहून देतात. पण हा केवळ लेखनदोष नव्हे. परधान हा मुळात शब्दाचा कलावंत. गाताना प्रसंग कोठे लांबवावा, यजमानाच्या घरचे दुःख ओळखून कोणता भाग टाळावा, हे त्याचे त्याला ठरविता येत होते. चित्रकार होऊन त्याने नवा श्रोता मिळविला, परंतु त्या व्यवहारात शब्द दुसऱ्यांच्या हाती गेला, आणि तोही इंग्रजी. १९४६ साली परधानांविषयी लिहिणारा मराठी माणूस इंग्रजीत लिहीत होता. २०११ साली मराठी माणसाची कथा परधानांच्या चित्रांभोवती इंग्रजीतच लिहिली गेली. दोन्ही वेळा परधान आणि मराठी वाचक यांच्यामध्ये तिसरीच भाषा उभी राहिली. चवदार तळ्याची गोष्ट दुर्गाबाई आपल्या बोलीत कशी सांगतील, कोठे थांबतील, बाना घेतला तर कोणत्या कडव्यावर आवाज उतरेल, हे पुस्तकात नाही.